दोनशे यार्डांचा झिरो

हरणी पडली आणि लगेच उठली. तेव्हाच मला कळलं की माझं चुकलं. नीट गोळी लागलेलं हरीण पुन्हा उठत नाही. पडून उठणाऱ्याच्या कण्यावरून गोळी खरवडत गेलेली असते. हरणी कुंपणाखालून रानात शिरली आणि मी गवतात पालथा, थिजलेला.

मी कार्डिफच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. जवळच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याची नवी लावलेली झाडं हरणं ओरबाडतात, म्हणून हिवाळ्यात माद्या मारायची त्याने मला परवानगी दिली होती. घरी बायको म्हणायची, "संडेला वंदनेला बसून पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही, म्हणतोस आणि मंडेला रायफल क्लीन करतोस? लाज कशी वाटत नाही तुला?" माझं उत्तर तयार असे. कुणीतरी मारणारच आहे, तर ज्याच्या हातून जीव तडफडणार नाही त्याने मारावं. माझं सगळं शहाणपण या एका वाक्यावर उभं होतं.

गोळी सरळ रेषेत जात नाही. आधी जराशी चढते, मग उतरते. रायफलवरच्या दुर्बिणीतल्या फुलीवर ती नेमकी किती अंतरावर पडावी, ते ठरवून स्क्रू फिरवायचे, म्हणजे झिरो. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वेल्श शिकाऱ्याने तो शंभर यार्डांवर लावून दिला होता. दीडशेवरच्या हरणासाठी मी फुली दोन बोटं वर धरायचो. आदल्या आठवड्यात मी झिरो दोनशेवर नेला. आता दीडशेवर गोळी फुलीच्या वर लागणार, म्हणून फुली उलट खाली धरायला हवी होती. हरणी दीडशेवर उभी होती आणि सवयीने मी फुली वरच धरली.

म्हाताऱ्याला फोन केला. तो कुत्रा घेऊन आला. नेच्यांवर थोडे केस, रक्ताचे चार थेंब, पुढे काहीच नाही. पाऊस लागला, उजेड उतरू लागला. सापड गं बाई, सापड, असं मी मोठ्याने बडबडत होतो. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले देव गेले; साकडं घालायलाही कुणी उरलं नव्हतं. मी काट्यांत हात घालून रडत होतो.

दोन तासांनी कुत्रा एका चरापाशी भुंकला. ती चिखलात बसली होती, मान ताठ. आम्हाला पाहून उठायला गेली, उठता आलं नाही. म्हाताऱ्याने कुत्रा आवरला आणि म्हणाला, "तूच."

मी जवळ जाऊन ते केलं.

"झिरो का बदललास?" त्याने विचारलं.

मी लांबलचक शेतांचं, वाऱ्याचं काहीबाही सांगू लागलो. त्याने पुन्हा तेच विचारलं. मग खरं बाहेर आलं. रेंजवर शेजारच्या माणसाने माझं टार्गेट पाहिलं, हसला आणि म्हणाला, "शंभर? नवीन दिसतोयस." एवढंच. वीस वर्षं या देशात काढून मला पुन्हा नवखं दिसायचं नव्हतं.

"मला नको सांगूस," म्हातारा म्हणाला. "तिला सांग."

कुत्र्याला घेऊन तो वर गाडीकडे गेला. मी चरात तिच्याशेजारी बसलो आणि तिच्या मानेवर हात ठेवला. ती अजून गरम होती.