‘वाचतो’ कोणाला म्हणायचं?

मालिनीबाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. मोरिवलीच्या शाळेतल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. आमचे केंद्रप्रमुख विष्णुपंत यांना ते यंदा कळलं.

कात्रपला, मी शिकवते त्या शाळेत, आसपासच्या शिक्षकांची बैठक होती. कुठल्या शाळेतली किती मुलं वाचतात, ते आकडे पडद्यावर लावले होते. सगळ्यात कमी आकडा ज्या शाळेचा, तिला वाचनवर्गासाठी जादा शिक्षिका मिळणार होती. मालिनीबाईंची शाळा तळाला होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे राजरत्न सर अव्वल आले, त्यांना शाल मिळाली. दुसरी कोणी असती तर शिक्षिका पदरात पाडून गुपचूप घरी गेली असती.

“सर, तुम्ही पोरांना वाचायला काय देता?” बाईंनी राजरत्न सरांना विचारलं.

“शिकवून झालेला धडा.”

“मी कधी न पाहिलेला उतारा देते आणि अर्थ विचारते. कात्रपवाले?”

आम्ही तर अक्षराला अक्षर जुळवणाऱ्यालाही वाचणारा धरत होतो. मी तसं सांगून टाकलं.

“म्हणजे तीन मापांनी मोजलं आणि एकाच तक्त्यात ओतलं!”

विष्णुपंत हसले. “बाई, डेटा इज डेटा. फायदा तुमचाच झालाय ना? मग कशाला टेन्शन घेता?”

हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांच्या जन्माचा प्रश्न, आणि या माणसाला हसू सुचतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी पाड्यावर गेलो. चौथीतली उन्नती धडा घडाघडा वाचत होती. बाईंनी हळूच पानावर तळहात ठेवला. पोर थांबलीच नाही, तशीच पुढे वाचत राहिली. मग बाईंनी घरून लिहून आणलेल्या चार ओळी तिच्यापुढे धरल्या. उन्नतीचे डोळे भरले.

“बाई, ह्यो धडा आमाला नाय शिकवला.”

राजरत्न सरांनी मान खाली घातली. “सगळे वर्ग मी एकटाच बघतो, बाई. पाठ करून घेतो, निदान तोंड तरी उघडतात.” त्यांच्यावर रागावायचं तरी कसं? एका माणसावर अख्खी शाळा टाकून वर त्याला शाल देणाऱ्यांचा राग आला.

आम्ही शिक्षक पुन्हा बसलो. भांडलो, चहा गार झाला, पण ठरवलं: अनोळखी उतारा वाचून आपल्या शब्दांत सांगेल, त्यालाच ‘वाचतो’ म्हणायचं. फेरमोजणीत पाडा तळाला गेला. आमचाही आकडा घसरला, तेव्हापासून माझ्या शाळेतले दोघं मालिनीबाईंशी बोलत नाहीत.

“पहिलीच यादी वर ऑफिसला गेली,” विष्णुपंत म्हणाले. “आता पुढच्या वर्षी बघू.”

“मग माझ्याकडे आलेली शिक्षिका पाड्यावर पाठवा,” बाई इतक्या हळू बोलल्या की विष्णुपंतांना ऐकायला पुढे वाकावं लागलं. “तसं लिहून देते.”

ते लगेच हो म्हणाले. त्यांचं काय जात होतं!

शिक्षिका पाड्यावर गेली. पंधरवड्याने मोरिवलीच्या फाटकाशी एक आई उभी होती. कारखान्यातून पाळी संपवून थेट आली होती.

“बाई, आमच्या संतोषला वाचता येत नाय म्हणून त्या मॅडम आलेल्या ना? त्यांना पाठवून दिलं म्हणे. मग आता येतं का त्याला वाचता?”

“नाही,” मालिनीबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना तिथेही जमलं नाही.