प्रणिताचं कुलूप

आमच्या वैशाली नगरच्या गल्लीत मराठी घरं दोनच, एक माझं आणि एक प्रणिताचं. माझ्या नवऱ्याची विमा कंपनीतून इथे बदली झाली आणि आम्ही इथलेच होऊन बसलो. प्रणिता तर रेल्वेवाल्यांची मुलगी, वाढलीच जयपुरात. तिच्या मराठीत दर तिसऱ्या वाक्याला ‘मतलब’ येतो आणि मी दर वेळी टोकते. ती हसते. म्हणजे, हसायची.

गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंग संस्थेत तिचा नवरा अमेय रसायनशास्त्र शिकवायचा आणि ही तिथेच कॉम्प्युटरचं बघायची. परीक्षा जवळ आली की पाच हजार मुलं एकदम त्याचे व्हिडिओ उघडायची आणि संस्थेचा सर्व्हर मान टाकायचा. त्यावर हिने तोड काढली. व्हिडिओचे तुकडे करायचे. होस्टेलमधल्या एकीच्या फोनवर आलेला तुकडा शेजारच्या खोलीतल्या मुलीने तिथूनच उचलायचा. मुलं जितकी जास्त, तितकं काम हलकं. चोरीचं काय, तर प्रत्येक व्हिडिओला कुलूप, आणि किल्ली फक्त फी भरलेल्याच्या फोनमध्ये. “काकू, मतलब वाटायचं सगळ्यांनी, उघडायचं हक्काच्यांनीच,” असं तिने मला समजावलं होतं. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला होता. आता त्या हुशारीचा राग येतो, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी अमेय गेला. छत्तिसाव्या वर्षी, हार्ट अटॅकने. त्यांची लेक मैत्रेयी तेव्हा एक वर्षाची होती.

वर्षभरात संस्थाही बंद पडली. मूळ व्हिडिओ मालकाने आधीच पुसून टाकले होते. मुलांच्या फोनवर आहेत की, जागा कशाला अडवा, असा त्याचा हिशेब. शेवटची बॅच संपली आणि ठरल्याप्रमाणे सगळ्या किल्ल्या रद्द झाल्या. रद्द झालेली किल्ली पुन्हा बनत नाही, हा नियमही प्रणिताचाच. अमेयचे तीनशे बारा तास तिच्या कॉम्प्युटरवर आजही पडून आहेत, कुलूपबंद. घरी काढलेला एकही व्हिडिओ नाही. दिवसभर कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा तो माणूस घरी कॅमेरा दिसला की वैतागायचा. मैत्रेयीला बापाचा चेहरा फोटोतून माहीत आहे, आवाज माहीत नाही. “बाबा कसे बोलतात, दादीकाकू?” असं ती मला विचारते तेव्हा मी काय नक्कल करू?

गेल्या महिन्यात सीकरहून सोनमचा फोन आला. अमेयची जुनी विद्यार्थिनी. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून बॅच संपायच्या आधीच तिच्या वडिलांनी मोबाइल काढून कपाटात ठेवला होता. तो आता सापडला, चार्ज केला, आणि सरांचा एक तास चक्क चालू झाला. किल्ली रद्द झाल्याचा निरोप त्या फोनला कधी मिळालाच नव्हता!

“उसमें सिम मत डालना, वायफाय से मत जोड़ना, बस लेकर आ जाओ,” प्रणिता म्हणाली. फोन ठेवून ती माझ्या गळ्यात पडली. बेत साधा होता. त्या फोनवर तास लावायचा आणि समोर आपला फोन ठेवून सगळं टिपून घ्यायचं.

रविवारी सकाळी सोनम आली. पोरीने चहासुद्धा घेतला नाही, आधी मोबाइल काढला. प्रणिताने आपला फोन स्टँडवर चढवला, कोन बघत होती. मैत्रेयी माझ्या मांडीवर. “मैम, एक बार चलाकर देखूँ?” सोनमने विचारलं आणि बटण दाबलं.

फळ्याकडून वळून अमेय म्हणाला, “हाँ बच्चों, कल कहाँ तक आए थे?” तोच आवाज, किंचित बसलेला. मैत्रेयी ताठ झाली. आणि पडदा काळा झाला. खाली एक ओळ आली: ही किल्ली रद्द करण्यात आली आहे.

सोनमला वाटलं, तिच्या हातून काही बिघडलं. ती रडायलाच लागली. “मैम, कसम से, मैंने कुछ नहीं किया!”

प्रणिता आपल्या फोनकडे बघत होती. तो टिपायलाही लागला नव्हता. त्यात ते ॲप अजून होतं. अमेयच्या तासांची यादी दिसते म्हणून तिने कधी काढलं नव्हतं. तिच्याच रचनेप्रमाणे, तुकडे जसे शेजारच्या फोनला जायचे तसेच रद्दचे निरोपही जायचे, मध्ये इंटरनेट लागत नसे. दोन फोन हातभर अंतरावर आले आणि हिच्या फोनने सोनमच्या फोनला किल्ली रद्द झाल्याचं सांगितलं. इतकंच झालं. तिला सगळं आठवलं होतं, हेच तेवढं आठवलं नाही.

“तुम्हारी गलती नहीं है, बेटा,” ती सोनमला म्हणाली. “ॲप ठीक चला।”

मैत्रेयी मांडीवरून उतरली, काळ्या पडद्यावर तिने बोट ठेवलं.

“आई, बाबांना कोणी बंद केलं?”

काहीही सांगता आलं असतं. मीच तोंड उघडणार होते. पण प्रणिता लेकीशी खोटं बोलत नाही.

“मी,” ती म्हणाली.