उत्तर न दिलेली शिट्टी

बाळांनो, आम्ही डोंगरावरच्या वन-उद्यानात दोन दिवस तंबूत राहिलो. फाटकावर प्रत्येकाला शिट्टी देतात. वाट चुकली तर तीनदा वाजवायची आणि ज्याला ऐकू येईल त्यानं तीनदा उत्तर द्यायचं, असा तिथला नियम.

सकाळी चहा पिताना तीन शिट्ट्या ऐकू आल्या. एक वृद्ध गृहस्थ कठड्यापाशी उभे राहून दरीकडे वाजवत होते. तुमच्या आजोबांनी लगेच शिट्टी ओठांना लावली, तोच वनरक्षकानं त्यांचा हात धरला.

"नको आजोबा. त्यांचा मुलगा इथंच हरवला, सापडलाच नाही. गेल्या वर्षी कुणीतरी उत्तर दिलं, तर हे कठडा ओलांडून निघाले होते. दोघांनी धरून आणलं."

हाकेला ओ द्यावी, हे तुमच्या आईला मीच शिकवलं. त्या सकाळी मात्र आम्ही सगळे कप हातात धरून गप्प बसलो. ते वाजवत, मान तिरकी करून ऐकत, पुन्हा वाजवत. चहा निवून गेला.

मग ते आमच्याकडे आले. "ताई, पलीकडून काही ऐकू आलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"वारा उलटा आहे आज," ते म्हणाले, आणि पुन्हा कठड्याकडे गेले.