बाटल्यांची घरं ओळखणारा उन्मेष

गौरीचा फोन आला तेव्हा मी ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरबाहेर गाडीच्या डिकीत सामान ठेवत होते. "ताई, उन्मेष गेला गं. आत्ताच... झोपेतच," एवढंच ती बोलली. ती सिडनीत, मी मेलबर्नमध्ये. हे अचानक झालं असं म्हणता येणार नाही. याच फोनच्या धास्तीने मी कित्येक महिने मोबाइल सायलेंटवर टाकला नव्हता. तरी मागे पार्किंगसाठी थांबलेल्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा खाली उतरून त्या माणसाला सांगावंसं वाटलं, थांब रे बाबा जरा, माझा भाऊ गेलाय.

उन्मेष माझा मावसभाऊ. माझ्याहून बराच लहान, त्यामुळे मी त्याची ताई आणि तो माझा उन्म्या. माझ्यामागोमाग तोही स्किल्ड व्हिसावर इकडे आला, सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये घर घेतलं, एका बँकेच्या आयटीत रमला. गौरीशी लग्न झालं, मुलगी ईरा झाली. मध्येच ऑफिसने त्याला एका प्रोजेक्टसाठी काही महिने अमेरिकेत, केंटकीला पाठवलं. तिथे शनिवार-रविवार एकट्याने करायचं काय, म्हणून तो आसपासच्या डिस्टिलऱ्या, म्हणजे दारू गाळण्याचे कारखाने, बघत फिरला आणि परत आला तो बर्बनचं, तिथल्या मक्याच्या व्हिस्कीचं, वेड घेऊन. वेड पिण्याचं नव्हतं. ग्लासात बोटभर ओतून तो अर्धा तास नुसता हुंगत बसायचा. गौरी म्हणायची, "माझ्या नवऱ्याला दारूचं नाही, दारूच्या वंशावळीचं व्यसन आहे."

ते खरंच होतं. त्याच्याबरोबर बाटलीच्या दुकानात जाणं म्हणजे शिकवणीच. "ताई, या फळीवर तुला वीस कंपन्या दिसतात ना? मला चार-पाच घरं दिसतात," तो म्हणायचा. एकाच डिस्टिलरीत, एकाच यीस्टने आंबवलेल्या मक्याची गाळलेली दारू आतून जाळून कोळसा केलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपांत भरतात. कुठलं पिंप गोदामाच्या वरच्या उकाड्यात मुरतं, कुठलं तळाच्या गारव्यात. मग त्याच घरातला माल पाच वेगळ्या नावांनी, पाच वेगळ्या बाटल्यांतून बाहेर पडतो. (ब्रँडची नावं मी लिहीत नाही, त्याला जाहिरात आवडली नसती.) एका बाटलीवर पांढऱ्या दाढीच्या पणजोबांचं चित्र होतं आणि खाली त्यांच्या गुप्त कृतीची गोष्ट. उन्मेषने ती उलटी फिरवून मागच्या लेबलावरची बारीक अक्षरं दाखवली. गाळली एका राज्यात, बाटलीत भरली दुसऱ्याच राज्यात. "या कंपनीकडे डिस्टिलरीच नाहीये. मोठ्या कारखान्याकडून पिंपं विकत घेतात आणि वर पणजोबा चिकटवतात."

"म्हणजे फसवणूकच की!"

"फसवणूक कसली? लिहिलंय ना इथे. आपण वाचत नाही, इतकंच."

केंटकीतले फोटो तो हौसेने दाखवायचा. पिंपांतून दारूची वाफ उडते, त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते. गोदामाच्या भिंती, कुंपण, आसपासच्या झाडांची खोडं, सगळं काजळी फासल्यासारखं काळं. "आत काय मुरतंय ते बाहेरच्या झाडांवर दिसतं," तो म्हणाला होता. गौरीने तो फोटो फ्रेम करायला साफ नकार दिला. "बघवत नाही तो," म्हणाली.

त्याचं नाक आमच्या सगळ्यांत प्रसिद्ध होतं. हरप्रीत, त्याचा शेजारी आणि जिवलग मित्र, कापडाने झाकलेल्या बाटल्यांतून ग्लास भरून समोर ठेवायचा. उन्मेष हुंगून सांगायचा, हे दोन भाऊ आहेत, हा तिसरा परका. कापड काढलं की तसंच निघायचं. "भाई, तेरी नाक का इन्शुरन्स करा ले," असं हरप्रीत दर वेळी म्हणायचा.

मागच्या वर्षी जुलैत, इकडच्या ऐन थंडीत, मी सिडनीला गेले होते. दुपारी जेवताना तो वाक्य अर्धवट सोडून थांबला. मान किंचित वर, नजर कुठेच नाही. "काहीतरी जळतंय," तो म्हणाला. गौरी किचनमध्ये धावली. गॅस बंद, ओव्हन बंद. ईराने फोनवर आसपासच्या वणव्यांची खबर देणारं ॲप उघडलं. "Nothing, Baba. No fires anywhere." तेवढ्यात तो भानावर आला, हसला आणि अर्धवट वाक्य न संपवताच भाताला हात घातला. आम्हीही हसलो. मग ते पुन्हा झालं, कारमध्ये. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये. "ओळखीचा वास आहे गं, ताई," तो फोनवर म्हणाला, "नव्या पिंपाच्या आतला. नुकतं जाळलेलं लाकूड. पण येतो कुठून, कळत नाही..." त्याच्या आवाजात भीती नव्हती, कुतूहल होतं. भीती गौरीच्या आवाजात होती. ती रोज घरभर फिरून प्लग तपासायची, इलेक्ट्रिशियनलाही बोलावून झालं होतं. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, सायनस म्हणून नाकाचा स्प्रे दिला.

सप्टेंबरच्या शेवटी हरप्रीतकडे पुन्हा ग्लास मांडले गेले. मीही होते. उन्मेषने पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. परत पहिला. बराच वेळ गेला. "सगळे एकाच घरातले," तो म्हणाला. हरप्रीतने हसत कापड काढलं. तीन बाटल्या, तीन वेगळ्या डिस्टिलऱ्या. त्यांतली एक तर उन्मेषनेच त्याला वाढदिवसाला दिलेली. "मजाक कर रहा है ना, भाई?" उन्मेषने तिन्ही ग्लास पुन्हा नाकाशी नेले आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्याच घराची किल्ली कुलपात फिरत नसल्यासारखा तो ग्लासांकडे बघत राहिला.

काही दिवसांतच ईराच्या शाळेच्या कॉन्सर्टमध्ये त्याला फिट आली. अँब्युलन्स, स्कॅन, आणि मग न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत तो काळा-पांढरा फोटो. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत गाठ. डॉक्टरबाई फार शांतपणे बोलल्या. तो जळका वास म्हणजे छोट्या छोट्या फिट्सच होत्या. बाहेर कधीच काही जळत नव्हतं. उन्मेषने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ऑपरेशननंतर मला खरे वास येतील का?" त्या म्हणाल्या, "We'll have to see, mate."

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. काही महिने बरे गेले. पण गाठ परत आली आणि या वेळी तिने शब्द घ्यायला सुरुवात केली. आधी वस्तूंची नावं गेली. मग माणसांची. गौरीला तो "ती... ती आपली" म्हणायचा. ईराचं नाव जिभेवर येईना तेव्हा तो तिचा हात धरून ओठ नुसते हलवायचा, आणि ती म्हणायची, "It's okay, Baba, you know me." मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. आतलं रडणं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

मे महिन्यात मी रजा घेऊन तिथे राहिले. एका दुपारी उन्मेष दिसेना. गॅरेजमध्ये सापडला. घडीचं मोठं टेबल मधोमध उघडून त्याने फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या त्यावर उतरवल्या होत्या आणि त्या एकेक करून हलवत होता. मी थांबवायला पुढे झाले, पण गौरीने मला धरलं. त्याने लेबलं वाचली नाहीत, वाचता येतच नव्हती. बूच काढायचा, हुंगायचा, विचार करायचा, बाटली एका घोळक्यातून दुसऱ्यात ठेवायचा. दमला की स्टुलावर बसायचा, पुन्हा उठायचा. संध्याकाळी तो झोपल्यावर हरप्रीत आला. त्याने प्रत्येक बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. प्रत्येक घोळक्यात एकाच डिस्टिलरीच्या बाटल्या. पणजोबांच्या चित्राची बाटलीसुद्धा बरोबर त्या मोठ्या कारखान्याच्या घोळक्यात. हरप्रीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या अंगावर काटा आला. आमच्यातलं कोण कुणाचं हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि ही घरं मात्र तशीच शाबूत होती. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाला हात लावला नाही. नंतर कधीच नाही.

शेवटच्या भेटीत तो बोलत नव्हता. मी त्याच्या पलंगाशी बसून काहीबाही बोलत होते. बोलता बोलता एका हिरव्या लेबलाच्या बाटलीचा विषय निघाला आणि मी तिला भलत्याच डिस्टिलरीची करून टाकलं. त्याने डोळे उघडले. मान अगदी थोडी, पण स्पष्ट हलवली. नाही. मी चूक सुधारली तेव्हा पुन्हा डोळे मिटले.

तो गेल्यालाही आता काही आठवडे झाले. परवा दुपारी सिडनीत गारांचा इशारा आला म्हणून मी घाबरून गौरीला फोन केला. तिकडे वारा घोंघावत होता. "गाडी आत घेतलीस ना?"

"कुठे घेऊ, ताई? मधे त्याच्या बाटल्यांचं टेबल आहे."

"अगं, हरप्रीतला बोलाव. दोघं मिळून बाजूला सरकवा."

तिने फोन ईराकडे दिला. "Atya, we're okay. आम्ही डूना टाकतोय गाडीवर," ती धापा टाकत म्हणाली. डूना म्हणजे इकडची जाड रजई. मला पत्र्यावर पहिल्या गारा आपटल्याचा आवाज आला, मग गौरीची हाक, "ईरा, ते टोक धर, घट्ट धर!"

संध्याकाळी हरप्रीतने काढलेला फोटो आला. बॉनेटला खड्डे पडलेत, पुढची काच तडकली आहे. चारही रजया भिजून जड झाल्या होत्या आणि दोघी मायलेकी त्या गॅरेजच्या दारात पिळत होत्या. त्यांच्या मागे, अंधारात, त्याने लावलेल्या बाटल्यांसकट टेबल जागच्या जागी होतं.