जात्याच्या खुंट्याचा खेळ

धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने शिळफाट्याला माझ्या घरी आणून सोडलं, तेव्हा तिचा उजवा हात लुळा होता. अर्धांगवायूचा झटका येऊन दोन महिने झाले होते. कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे त्यांची भातशेती. ‘‘हात चालू झाला की न्यायला येतो,’’ असं तो माझ्याशी बोलला, तिच्याशी नाही.

डॉक्टरांनी हात रोज हलवायला सांगितलं होतं. मी मागे लागलो की ती डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवायची. ‘‘मेलेल्या हाताचे कसले लाड, दादा,’’ म्हणायची.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एकाने टीव्हीला जोडायचा एक बिघडलेला खेळ मला दिला. मी इलेक्ट्रिकल खात्यात होतो. पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या, मधे चेंडू. पट्टी वरखाली करायला रेडिओला असतं तसलं फिरवायचं बटण. खेळ चालू झाला तशी बहीण समोर येऊन बसू लागली. पण ते बटण तिला धरवेना.

बोटं अर्धी मिटलेली होती. त्या पोकळीत बसेल असं काही हवं होतं. आईचं जातं मोरीजवळ बिनकामाचं पडलं होतं. त्याचा खुंटा काढून तिच्या हातात दिला. बरोबर बसला. लहानपणी आम्ही समोरासमोर बसून त्याच खुंट्याने दळलं होतं.

फळीची नऊ इंची चकती कापून कडेला खुंटा ठोकला आणि मधे खेळाच्या त्या बटणाचा कंट्रोल जोडला. कंट्रोल पाऊण फेराच फिरतो. जात्याची सवय पुऱ्या फेऱ्याची. पहिल्याच दिवशी तो मोडला. मग खुंट्याकडे लहान कप्पी, नव्या कंट्रोलकडे चौपट मोठी, आणि दोन्हींवरून रेडिओचा काटा सरकवणारा दोरा. आता तीन फेऱ्यांत पट्टी वरून खाली, आणि उलट तीन फेऱ्यांत परत वर.

‘‘जातं उलटं नाय फिरवत, दादा.’’

दगड नाही, फळी आहे, असं मी समजावलं. तरी ती एकाच अंगाने फिरवायची. पट्टी तळाला जाऊन बसे, दोरा घसरे, चेंडू निघून जाई. एका संध्याकाळी चिडून तिने खुंटा उलटा ओढला. तिथून खेळ जमला. पावसाळा सरेपर्यंत खांदा आणि कोपर फिरू लागले. बोटं तशीच राहिली.

भात कापणीला आलं तसे पाहुणे, म्हणजे तिचा नवरा, आले. बहिणीने त्यांना चहाही पिऊ दिला नाही. आधी टीव्ही लावायला सांगितला. सरळ फिरवलं, उलटं फिरवलं, एक चेंडू सोडला नाही. ते शेवटपर्यंत बघत राहिले. मग आमच्या परसातला विळा आणून तिच्या हातात दिला. बोटं मिटली नाहीत. विळा फरशीवर पडला.

‘‘जात्यावर कोन दळतंय आता?’’ ते हळूच म्हणाले. ‘‘गावात गिरनी हाय.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा घेऊन ते दुपारच्या एसटीने एकटेच परत गेले.

तिने आपली ट्रंक भरून ठेवली होती, हे मला त्यानंतर कळलं. पातळं एकेक करून ती डाव्या हाताने बाहेर काढत होती. मी ट्रंकेचं झाकण धरायला पुढे झालो.

‘‘ऱ्हाऊ दे दादा,’’ ती म्हणाली, ‘‘ते उघडंच ऱ्हातंय.’’