पुराच्या इशाऱ्याला कुलूप
जो देश केव्हाच मोडीत निघाला, त्याचं नाव आमचे सोवेतबेक अजून अंगावर वागवतात. सगळी कचेरी त्यांना बाइके म्हणायची, म्हणजे दादा. बिश्केकच्या आमच्या कचेरीत ते संगणक सांभाळायचे आणि चहा ओतायचे, आणि दोन्हीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. प्याल्यात चहा घालायचा तो तळाशी घोटभर. संपला की पुन्हा उठायचं, पुन्हा घोटभर. पाहुणा बसावा असं वाटत असेल तर असंच ओततात. काठोकाठ भरून दिला, की पाहुण्यानं काय ते समजून टोपी उचलायची.

कचेरीचं काम डोंगरातल्या नद्यांवर लक्ष ठेवायचं. वर दरीत बसवलेली यंत्रं पाण्याची पातळी रेडिओवरून कळवत, संगणक आकडे जुळवून पूर येतोय का ते सांगे, आणि मी फोन करून कुरणातल्या तंबूंना सावध करत असे. त्याच कुरणात बाइकेंची थोरली बहीण बुरुलचा, आम्हा सगळ्यांची एजे म्हणजे ताई, उन्हाळाभर घोड्या घेऊन राही. प्रोग्रॅम बाइकेंनीच लिहिलेला, आणि तोही त्यांच्या चहासारखाच: एक आकडा आणायचा, ठेवायचा, मग दुसऱ्यासाठी पुन्हा आत जायचं.

त्या हिवाळ्यात जगभर बोंब उठली. प्रोसेसर म्हणे सांगण्याआधीच कामाचा अंदाज बांधून पुढं धावतात, आणि त्या घाईत मागं राहिलेल्या खुणांवरून चोराला गुपितं वाचता येतात. इलाज निघाला: प्रोग्रॅम संगणकाच्या गाभ्यात काही मागायला गेला, की दर खेपेला दार उघडायचं, खुणा पुसायच्या, दार लावायचं. आमचे संचालक तलायबेक यांनी तो सगळ्या संगणकांवर चढवायला सांगितला.

"अहो, हा संगणक बाहेर कुठं जोडलेलाच नाही," बाइके म्हणाले. "चोर येणार कुठून?"

"आला तर?"

"आला तर त्याला नदीची पातळी कळेल. बिचारा वेळेवर पळेल तरी!"

तलायबेक हसले नाहीत. सही झाली, इलाज बसला.

जूनमध्ये पाणी आलं. माझा फोन बुरुलचा एजेंना लागला तेव्हा त्यांचा स्वयंपाकाचा तंबू वाहून गेला होता. "काय गं, वरातीमागून घोडं?" त्या कडाडल्या. "माझ्या भावाला सांग, पुढच्या वेळी फोन करू नकोस, थेट मातीलाच ये म्हणावं!" संगणक एकेका आकड्यासाठी दारं उघडत-लावत बसला होता. आमच्या अहवालात मात्र लिहिलं गेलं, सुरक्षा परिपूर्ण.

बाइके इलाजाचं हे कुलूप काढायची परवानगी मागायला गेले. संचालकांना पटावं म्हणून समोवार, म्हणजे चहाचा बंब, शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला, आणि प्रत्येक घोटासाठी जाता-येता दाराला खरोखरचं कुलूप घालून दाखवलं. तलायबेकांचा घसा कोरडा पडला, पण पटलं काही नाही.

"कुलूप काढलं आणि उद्या काही झालं, तर सही कोणाची?"

शेवटी मीच म्हटलं, "बाइके, मग खेपा तरी कमी करा. एकदाच भरून ओता."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "भरून? आईनं हेच शिकवलं का गं तुला?"

"आकड्यांना कसला आलाय मानपान!"

कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग कुलपाला हात न लावता त्यांनी प्रोग्रॅम बदलला, आकडे ढिगानं आणायला लावले. जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. या वेळी बुरुलचा एजे घोड्या टेकडीवर चढवून, वरून पाणी बघत मला फोनवर शिव्या घालत होत्या. मला रडूच आलं.

मंजुरीशिवाय प्रोग्रॅम बदलल्याचं तलायबेकांना कळलं. ते रागावले नाहीत. बाइकेंना बोलावलं, स्वतः उठून समोवारशी गेले आणि प्याला काठोकाठ भरून त्यांच्यापुढं ठेवला. बाइकेंनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि टोपी उचलली. मंजूर असलेला जुना प्रोग्रॅम त्याच संध्याकाळी परत बसवला गेला.

आता बाइके बहिणीकडे कुरणावर असतात, नदीकाठी बसून. पाणी चढायला लागलं की तेच मला फोन करतात, मी खालच्या तंबूंना कळवते, आणि आमचा संगणक मागाहून सावकाश दुजोरा देतो. परवा मी विचारलं, "तिथं करमतं का, बाइके?"

"करमतं की. इथं तंबूच्या दाराला कुलूपच नाही गं."