मारलेले गड्डे

आमच्या शेजारच्या वहिनींनी अठरा वर्षं नवरा आणि दिराबरोबर रोपवाटिकेत कलमं बांधण्यात घालवली. नवरा गेला आणि महिन्याभरात धाकट्या दिराने वाटणी उरकली. उन्हाची सपाट जमीन त्याला, टाकीखालचा पाणथळ तुकडा वहिनींना. एकटी जाऊबाई तेवढी वहिनींच्या बाजूने आपल्या नवऱ्याशी भांडली. तो मात्र कामगारांसमोर हसला, "तिथे काही उगवलंच तर मला बोलवा हं!"

वहिनी दातओठ खाऊन कामाला लागल्या. चिखलात कुजलेल्या पाल्याचं खत कालवलं. उन्हाकडे कर्दळ, सावलीत अळूच्या जातीचं हत्तीकान. गड्ड्याच्या प्रत्येक तुकड्याला निदान दोन डोळे ठेवायचे, डोळा वर करून उथळच लावायचा, फुलून गेलेला दांडा बुडाशी छाटायचा. तिसऱ्या वर्षी पानं सुपाएवढी झाली. येणारे-जाणारे थबकून बघायचे.

त्याच सुमारास दिराला नव्या इस्पितळाच्या बागेचं काम मिळालं. तिथल्या अंगणात पाणी साचायचं. गुलाब दोनदा कुजले, तेव्हा स्वारी वहिनींच्या दारात.

"वहिनी, दोन पोती गड्डे द्या. तुमचं-आमचं काय वेगळं आहे?"

"वाटणीच्या दिवशी होतं की, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या न्या."

त्याच दुपारी त्यांनी कपडे उकळायच्या पातेल्यात कढत पाणी करून गड्डे थोडे थोडे करून बुडवले. आतला जीव जाईल पण गड्डा मऊ पडणार नाही, इतकाच वेळ. मग सुकवून वरून चिखल फासला. हे नंतर त्यांनीच मला सांगितलं.

दोन महिने गेले, एक कोंब दिसेल तर शपथ. इस्पितळाच्या व्यवस्थापकाने दिराकडून काम काढलं आणि हत्तीकान बघून ते वहिनींनाच दिलं.

दीर तणतणत आला. "तुम्ही गड्डे मारून दिलेत!"

"हो, मुद्दाम," वहिनी म्हणाल्या. "जा, गावभर सांगा. का दिले, तेही सांगा."

त्याने कुणालाच सांगितलं नाही. इस्पितळाच्या अंगणात आज कर्दळ पुरुषभर उंच आहे, आणि त्याला तिथूनच ये-जा करावी लागते. वहिनी तेव्हा मुद्दाम फाटकापाशी काम काढतात.

जाऊबाई मात्र त्या दिवसापासून वहिनींना बघून रस्ता ओलांडते. तेवढ्यापुरती वहिनींची मान खाली जाते.